पांढरीच्या राखणीला बसवलेला देव

माझं लग्न ठरत होतं तेव्हा होणाऱ्या सासऱ्यांनी बैठकीत विचारलं, "नोकरी कशाची म्हनता?"

"पुरातत्त्व खात्यात पहारेकरी आहे."

"म्हंजे किल्ल्यावर?"

"नाही."

"लेनी-बिनी?"

"नाही. शेतावर."

"सोताच्या?"

"दुसऱ्यांच्या."

ते थोडा वेळ पंख्याकडे बघत बसले. मग "पन नोकरी सरकारी हाय न?" एवढं विचारून त्यांनी चहा आणायला सांगितलं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात बायकोला हौसेने माझी 'साइट' दाखवायला घेऊन गेलो. तिने पदराने ऊन अडवून चारी बाजूंना पाहिलं आणि म्हणाली, "इथं तं काईच नाई." मी म्हटलं, "तेच राखतो."

वाचकांपैकी बऱ्याच जणांचा चेहरा आता सासऱ्यांसारखा झाला असेल, म्हणून धंद्याची गोष्ट आधी सांगून टाकतो. आपल्या वऱ्हाडात जमीन दोन जातींची, काळी आणि पांढरी. काळीत माणूस पेरतो, पांढरीवर राहतो. हे शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसालाही ठाऊक असतं. कधीकाळी वस्ती उठून गेली, मातीच्या भिंती पडल्या, चुलींची राख, गुरांचं शेण, हाडं, फुटकी मडकी सगळं जिथल्या तिथे थरावर थर बसलं, की त्या जागची माती भुरकी आणि मऊ होते आणि शेतात जरासा उंचवटा राहतो. त्यावर पुढे कोणीतरी वखर घालतो, तूर पेरतो, आणि खाली काय आहे हे विसरून जातो. यातल्या काही पांढऱ्या दोनचारशे वर्षांच्या असतात. काही मात्र इतक्या जुन्या की तेव्हा आपल्याकडे कोणाला लिहिता येत नव्हतं. लोखंड नुकतं हातात आलेलं, मडकी आतून काळी आणि बाहेरून तांबडी. अशा मडक्याचं खापर वखरणीनंतर ढेकळांत चमकलं की मला दुरूनही दिसे. बायकोला ओट्यावरची मुंगी दिसते तसं.

आता यात राखायचं काय? तर खापर नव्हे. खापरं पोतंभर नेली तरी माझी हरकत नसे. राखायची ती त्या खापराची जागा. ते चुलीशेजारी होतं की उकिरड्यात, कोणत्या थरात होतं, त्याच्या बाजूला कोण होतं. पोळीचे पदर एकदा कुस्करले की पुन्हा उलगडत नाहीत. आणि हे सगळं कोणाच्या तरी सातबाऱ्यावर, कोणाच्या तरी तुरीखाली. वर हक्क शेतकऱ्याचा, खाली काळजी सरकारची, आणि दोघांच्या मध्ये मी आणि माझी सायकल.

माझ्याकडे अशा जागा बऱ्याच होत्या. एक पाझर तलावात गेली. एक जऊळक्याकडे जमीन सपाट करण्यात गेली. मालकाने मला प्रेमाने जेवू घातलं आणि पाठीमागे मशीन चालूच ठेवलं. हात धुऊन बाहेर येईपर्यंत उंचवट्याचं मैदान झालं होतं. शेवटी अखंड म्हणावी अशी एकच उरली. रिसोड तालुक्यात, केनवडहून आत गेलं की नाल्याच्या काठी. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं हा दिवाळी अंक वाचतात आणि त्यांच्याकडे माझं अजून जाणंयेणं आहे. ती एक जागा शाबूत ठेवून निवृत्त व्हायचं, एवढी एकच हाव मला नोकरीत होती.

शेत वच्छलाबाईंचं. मेथी, वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवायच्या आणि केनवडच्या बाजारात नेऊन विकायच्या. नवरा शांत माणूस. सल्ला विचारला तर "तिले विचारा" म्हणे. बाईंचं माझ्याशी पहिलं बोलणं झालं ते असं:

"तुमी ते खापरं काहून वेचून राह्यले?"

ड्युटीवर असलो की माझी भाषा आपोआप कागदी होई. मी म्हणालो, "सदर ठिकाणी प्रागैतिहासिक वसाहतीचे अवशेष असून ते जतन करणं आवश्यक आहे."

बाईंनी लगेच विचारलं, "जमीन जाते काय मंग?"

हा प्रश्न मला प्रत्येक बांधावर विचारला गेला आहे. खापर पाहिलं की सरकार येतं, सरकार आलं की जमीन जाते, असा लोकांचा हिशेब. म्हणून कित्येक जण मला पाहताच खापरं पायाने मातीखाली दाबत. मी सांगे, जमीन जात नाही, फक्त खोल नांगरू नका, माती उचलू नका. ते मान डोलावत. नुसती मान डोलावणं म्हणजे 'नाही' हे समजायला मला पाच वर्षं लागली.

वच्छलाबाईंच्या पांढरीला खरा धोका मात्र त्यांच्याकडून नव्हता, गावच्या चालीकडून होता. राख आणि शेण शेकडो वर्षं मुरलेली ही माती शेतात टाकली की पीक जोर धरतं. म्हणून उन्हाळ्यात, पेरणीआधी, गावाने पांढरी उचलायची ही तिथली जुनी रीत. पांढरी कोणाच्याही शेतात असो, माती सगळ्या गावाची. मालकाने नाही म्हणायचं नाही. म्हटलं तर त्याच्या दारच्या लग्नाला माणूस फिरकत नसे. पूर्वी घरटी दोन बैलबंड्या माती नेत, तोवर पांढरी टिकून होती. मग गजूभाऊने ट्रॅक्टर घेतला. गजूभाऊ म्हणजे गावचा सगळ्यात उत्साही माणूस. लग्न असो, मयत असो, हा पुढे. त्याने बंडीच्या जागी ट्रॉली आणली, पण चाल तीच ठेवली: दोन बंड्यांऐवजी दोन ट्रॉल्या.

मी कार्यालयात अहवाल दिला. साहेबांनी तातडीने, म्हणजे दीड वर्षाने, फलक मंजूर केला. निळा पत्रा, पांढरी अक्षरं: 'सदर क्षेत्रात उत्खनन करण्यास सक्त मनाई असून तसे करणारी व्यक्ती कायद्यानुसार दंडास पात्र राहील.' फलक मीच ठोकला आणि समाधानाने घरी आलो.

आठ दिवसांत तिथे तीन खड्डे. खड्ड्यांशेजारी लिंबू, नारळ, काळी बाहुली. तोवर लोकांना तिथे माती आहे हे माहीत होतं. धन आहे हे सरकारनेच जाहीर केलं. शेजारच्या गावचा एक निवृत्त मास्तर तर मला सरळ म्हणाला, "साहेब, आपुन दोघं मिळून काढू. तुमाले जागा मालूम, मले मंत्र मालूम." मी त्याला समजावलं की इथे फुटक्या मडक्यांशिवाय काही नाही. तो हसला. "मंग सरकार कायले बोर्ड लावते?"

पुढे फलकच नाहीसा झाला. वर्षभराने तो मला गावातच सापडला. कोणीतरी त्याचं कोंबड्यांच्या खुराड्याला दार केलं होतं, अक्षरं आतल्या बाजूला. कायदा काय तो कोंबड्यांना कळला.

त्यानंतर मी जे केलं त्याची नोंद माझ्या सेवापुस्तकात नाही. रिसोडच्या बाजारातून शेंदूर आणि तेल घेतलं. नाल्यातला एक बरासा दगड सायकलच्या कॅरियरवर बांधला. भर दुपारी शिवारात चिटपाखरू नसताना पांढरीच्या मधोमध उभा केला, शेंदूर फासला, दोन अगरबत्त्या लावल्या आणि, खोटं कशाला सांगू, सवयीने हातही जोडले.

पुढच्या शनिवारी तिथे नारळ फुटलेला होता. माझा नव्हता. महिन्याभरात तेलाचा ओघळ मातीपर्यंत आला. कोणी म्हणे म्हसोबा, कोणी मुंजा. शेवटी गावाने मधला मार्ग काढून 'पांढरीबाबा' नाव ठेवलं. त्या उन्हाळ्यात गजूभाऊची ट्रॉली आली ती काठावर थांबली. गजूभाऊ उतरला, चपला काढल्या, दगडाला हात लावून छातीला लावला आणि रिकामी ट्रॉली घेऊन परत गेला. मी बांधावरच्या बाभळीमागून हे पाहत होतो. नोकरीतला तेवढा आनंद मला बढतीनेही झाला नाही. बढती झाली नाही हा भाग वेगळा.

पुढची सहा-सात वर्षं त्या शेतातून घमेलंभर माती हलली नाही. वच्छलाबाई वरवर वखर घालायच्या, मेथी घ्यायच्या, दगडाभोवतीची जागा पडीक सोडायच्या. साहेब बदलले, नव्या साहेबांनी 'स्थळ सुस्थितीत' असा शेरा दिला आणि माझं कौतुक केलं. मी मान खाली घालून ते स्वीकारलं.

पण करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. गजूभाऊच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. तिने अभ्यास केला होता असं ती म्हणते. गजूभाऊच्या मते बाबाने केलं. त्याने भंडारा घातला. दुसऱ्या वर्षी भंडाऱ्याला चार गावं आली. तिसऱ्या वर्षी ठरलं की बाबा उन्हात आहे, हे गावाला शोभत नाही. सभामंडप बांधायचा: खोल पाया, बारा कॉलम, पुढे फरशी. ज्या दिवशी हे मला कळलं त्या दिवशी माझ्या निवृत्तीला चार महिने उरले होते.

ट्रॉल्या परवडल्या असत्या. त्या वरची माती नेत. कॉलमचे बारा खड्डे म्हणजे सगळे थर आरपार. आणि हे कोणी आणलं, तर मी. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ते हेच.

मारुतीच्या पारावर बैठक भरली. कार्यालयाकडे दाद मागायची तर आधी देव कुठून आला हे लिहावं लागलं असतं, म्हणून मी तिथेच उभा राहिलो. म्हणालो, "मंडळी, मला कबुली द्यायची आहे. तो दगड मी ठेवला. शेंदूर मी लावला. तिथे देव नव्हता."

मी मनाची तयारी केली होती. शिव्या बसतील, कदाचित हातही उचलला जाईल. मग गावातले सगळ्यात म्हातारे दाजीबा काठी टेकत उठले, माझ्यापाशी आले आणि चक्क माझ्या पाया पडले.

"पाहा बाप्पा," ते लोकांना म्हणाले, "इतके वर्स आमी इचार करून राह्यलो का बाबाले कोनाच्या हातानं याचं होतं. हा मानूस आपल्यात फिरत होता अन् कोनाले पत्ता नाई."

"दाजीबा, मी फसवलं तुम्हाला!"

"तुमी कोन फसवनारे? बुद्दी त्यानंच देल्ली न."

गजूभाऊने लगेच टोपी, शेला आणि नारळ मागवला. पहिली कुदळ माझ्या हातून मारायची असं एकमताने ठरलं. आयुष्यात एकदा सरळ खरं बोललो आणि माझा सत्कार झाला.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने वच्छलाबाई उठल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला. "मले सपन पडलं," त्या म्हणाल्या. "बाबा उघड्यावरचा हाय. त्याले डोक्यावर छप्पर चालत नाई. मंडप कराचा तं करा, पन त्याच्यापासून दूर. रस्त्याच्या बाजूनं."

उघड्यावरच राहणारे, छप्पर टाकलं की रागावणारे देव आपल्याकडे गावोगाव आहेत. त्यामुळे सगळ्यांनी ते मानलं. मंडप सरकला. बैठक सुटल्यावर मी बाईंना गाठलं आणि आभार मानू लागलो. त्या चालता चालताच म्हणाल्या, "तुमी दगड आनला तई मी तुरीत होती. सगळं पाह्यलं."

"मग बोलला नाहीत कधी?"

"कायले बोलू? गावाले माती नेऊ नोका म्हनाची माई टाप होती काय? तुमी देव बसवला, मी खुश होती. माया सासूच्या वख्तापासून ते लोकं माई जमीन बंडीत, ट्रॉलीत घालून नेऊन राह्यले होते."

इथे ही हकीकत संपवली असती तर मी चतुर ठरलो असतो. पण मंडपाची नवी जागा कोणी दाखवायची हा प्रश्न राहिला होता, आणि गावाने तो मलाच विचारला. गजूभाऊ म्हणाला, "तुमाले मालूम हाय कुठी खापर हाय अन् कुठी नाई. तुमी म्हनान तिथी खोदू."

मला भरून आलं. इतक्या वर्षांत मला असं कोणी विचारलं नव्हतं. रस्त्याला लागून गावाचीच एक पट्टी होती, काळीभोर माती. मी तिथून शेकडो वेळा चाललो होतो. नखाएवढं खापर कधी दिसलं नव्हतं. मी ती दाखवली. गजूभाऊला कागद हवा होता, तर साध्या कागदावर 'सदर जागेत कोणतेही अवशेष नाहीत' असं लिहून, खाली वळणदार सही ठोकली. ठोकायला शिक्का नव्हता याचंच काय ते वाईट वाटलं.

धंद्यातला पहिलाच धडा मी विसरलो होतो. वर खापर दिसतं ते नांगर खाली पोचतो म्हणून. नाला त्या बाजूने शतकानुशतकं पुराचा गाळ आणून टाकत होता. काळी माती दिसत होती ती वरचं पांघरूण होतं, पुरुषभर जाड. नांगर त्याच्या खाली कधी गेलाच नव्हता. सगळ्यात सुरक्षित जागा तीच होती, आणि तिचा पत्ता मी सहीनिशी दिला.

भूमिपूजन झालं. डोक्यावर टोपी, गळ्यात शेला, हातात पेढा, असा मी उभा. जेसीबीने पहिला खड्डा घेतला, काळी माती. आणखी खोल गेला, काळी माती. मी गजूभाऊकडे पाहून मान हलवली, म्हणजे, बघ. पुढच्या बकेटला आवाज बदलला. माती भुरकी आली, तिच्यात भाजलेल्या मातीचे लाल गोळे, आणि अर्धा रांजण. उरलेला अर्धा खड्ड्याच्या भिंतीत तसाच उभा होता, तोंडावर झाकण, आणि त्यातून काळ्या दाण्यांची धार खाली गळत होती.

"थांबवा!" मी ओरडलो, पण मशीन आधीच थांबलं होतं. चालवणाराच खाली उतरून बघत होता. पेढा कुठे पडला मला माहीत नाही. मी खड्ड्यात उतरून त्या धारेखाली ओंजळ धरली, जणू गळती थांबवता येणार होती. लोकांना वाटलं सोनं निघालं; सगळे काठावर जमा झाले. सांगायला लाज वाटत नाही, मी रडत होतो.

वच्छलाबाई पातळ सावरत खड्ड्यात उतरल्या. माझ्या ओंजळीतला एक दाणा उचलून त्यांनी दोन बोटांत फिरवला. त्याला कडा होत्या, पाचरीसारखा.

"हे तं लाखोळी हाय," त्या म्हणाल्या. "जळेल हाय, पन लाखोळीच, लाखेची डाळ. माई आजी पेरे."

मग त्यांनी रांजणाच्या झाकणाच्या कडेने बोट फिरवलं. "तोंड लिंपलं हाय मातीनं. खायाचे दाने कोनी लिंपून ठेवते काय? ते रोज काढा लागतात. हे बियानं हाय." त्या काठावरच्या बायकांकडे वळल्या. "पेरनीसाठी ठेवलं होतं ओ बिचाऱ्याईनं. आग लागली वाट्टे. पेरनी झालीच नाई त्याईची."

काठावरची एक बाई "अरे देवा" म्हणाली. असा रांजण मी कागदावर 'साठवणीचे भांडे, भग्न' असा उतरवला असता.

गजूभाऊने जेसीबीवाल्याला मशीन बाजूला घ्यायला सांगितलं. मग स्वतःच मंडपाचं कापड ओढून आणलं आणि खड्ड्याच्या त्या भिंतीवर अंथरायला लागला, ऊन लागू नये म्हणून. कोणी सांगितलं नव्हतं. दाजीबा विचारत होते, चूल कोणत्या बाजूला असेल, दार कुठे असेल. माणसं आपसांत बोलत होती की मंडप आता गजूभाऊच्या खळ्यावर घ्यावा. फलक नाही, कायदा नाही, शेंदूर नाही.

वच्छलाबाई माझ्याजवळ आल्या. आवाज हळू, पण राग स्पष्ट होता. "इतके वर्स तुमी हेच राखून राह्यले होते?"

मी होकाराची मान हलवली.

"मंग पहिल्या दिवशीच सांगाचं होतं न, का कोनाचं तरी घर हाय म्हनून. घरावरून कोन ट्रॉली नेते?"

मी त्यांना 'वसाहत' सांगितली होती, फलकावर 'क्षेत्र' लिहिलं होतं, अहवालात 'स्थळ', दाखल्यात 'जागा', आणि एवढ्याने भागेना तेव्हा एक देवही बसवला होता. घर हा शब्द मात्र मी कधी कोणाजवळ काढलाच नव्हता.